चेहऱ्यातली रिकामी जागा

डोक्याचा सीटी स्कॅन उजेडावर धरून पाहिला आणि वाटलं, आपला चेहरा तर निम्मा पोकळच आहे! पांढऱ्या हाडांमधे काळी काळी भगदाडं. दोन गालांत, कपाळात, डोळ्यांच्या मधे आणि पार आत नाकाच्या मागे. काळं म्हणजे हवा. हे सायनस नक्की कशासाठी असतात, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही म्हणे. मला तर हे ऐकून त्यांच्याबद्दल जिव्हाळाच वाटायला लागला.

तान्ह्या बाळाच्या कपाळात सायनस दिसतच नाहीत. सहा-सात वर्षांच्या सुमारास ते एक्स-रेवर उमटू लागतात आणि विशीपर्यंत वाढत राहतात. काहींच्या कपाळात तर ते कधी तयारच होत नाहीत. विशीनंतर तरी हाडांचा विषय संपावा ना? पण नाही. उतारवयात मोजलं तर गालातली पोकळी तरुणपणापेक्षा सरासरीने थोडी लहानच भरते. वरच्या दाढा पडल्या की मात्र उलटा प्रकार. मुळांना धरून ठेवणारं हाड झिजतं आणि सायनस खाली उतरून हातपाय पसरतो. मग तिथे इम्प्लांट बसवायचं तर दाताच्या डॉक्टरांना आधी सायनसचा तळ वर उचलून खाली हाड भरावं लागतं.

दात आणि सायनस यांचं हे शेजारपण जुनंच आहे. १६५१ साली नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज डॉक्टरांनी गालातल्या सायनसचं वर्णन केलं, त्यात एका बाईंची हकीगत आहे. वरचा सुळा काढल्यावर त्या जागेतून पाणी झिरपत राहिलं, म्हणून बाईंनी तिथे पिसाची काडी घालून पाहिली. ती जवळजवळ सगळीच आत गेली. आता ही मेंदूत पोचली, म्हणून बाई घाबरल्या. कोणीही घाबरेल!

या सायनसची खरी गंमत त्याच्या दारात आहे. निचऱ्याचं भोक तळाशी नाही, वरच्या अंगाला आहे. त्यामुळे आतला चिकट स्राव चढणीवर ढकलावा लागतो, आणि ते काम सूक्ष्म केस करतात, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून. वय वाढतं तसा त्यांचा वेग मंदावतो. अस्तर पातळ आणि कोरडं होतं, स्राव दाटतो, घशात उतरून तिथेच रेंगाळतो. सकाळी उठल्या उठल्या चाललेलं ते खाकरणं ऐकून घरातली तरुण मंडळी नाक मुरडतात. मुरडू देत, त्यांचेही केस दमणारच आहेत. त्यात नाकाची कूर्चा सैल पडून शेंडा जरा खाली झुकतो आणि श्वासाची वाट आणखी अरुंद होते. वासही कमी येऊ लागतो, आणि हे इतकं हळूहळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही.

बरं, एवढं सगळं कोरडं पडलं म्हणावं, तर गरम घास तोंडात गेला की हेच नाक पाण्यासारखं गळतं. सर्दी नाही, ॲलर्जी नाही, नुसती मज्जातंतूंची आगाऊ घाई. हल्ली मी जेवताना रुमाल मांडीवरच ठेवतो. तरी समोरचा हमखास विचारतो, "काय हो, डोळ्यांत पाणी का?"