एकवीस मोदकांचा हिशेब

अकरा मिनिटांच्या विनोदी कार्टून एपिसोडमध्ये मुलं पाचव्या मिनिटाला पाणी मागायला लागली, की बिघाड त्याच्या दोन-अडीच मिनिटं आधी झालेला असतो. त्या दिवशी गोरेगावच्या स्टुडिओत आम्ही तोच शोधत होतो. मालिका मुंबईतल्या एका चाळीतल्या मुलांची, एपिसोड गणपतीचा. सहा ते नऊ वयाची वीस-बावीस मुलं चित्रपटगृहासारख्या अंधारात न बसवता साध्या उजेडात बसवली होती, म्हणजे त्यांचे चेहरे दिसतात. दोघेजण पडद्यावरची मिनिट-सेकंदाची वेळ (टाइमकोड) बघून तीन रकाने भरत होते: हसू, चुळबूळ, प्रश्न. पहिल्या अडीच मिनिटांत हसूचा रकाना भरलेला. पुढे तो जवळजवळ कोराच. प्रश्नांच्या रकान्यात एका मुलीचा प्रश्न होता: "चार मोदक कुठे गेले?" आणि शेवटाला एका मुलाचा: "मग तो एवढा धावला कशाला?"

लेखन, बोर्ड (गोष्ट शॉटवार चित्रांत मांडणं), एडिट आणि आवाज या चारही टेबलांच्या चुका या दोन प्रश्नांत होत्या.

गोष्ट सोपी आहे, आणि चांगली आहे. आजी चौथ्या मजल्यावर उकडीच्या मोदकांचं ताट नातवाच्या हाती देते. "एकवीस आहेत. एकवीसच्या एकवीस पोचले पाहिजेत." खाली अंगणात मंडळाचा मांडव. मध्ये चार मजल्यांचा जिना आणि एक कावळा. सहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त काही सांगावं लागत नाही. पोराला काय हवं आहे ते कळलं, कोण आडवं येणार ते कळलं, आणि मोजायला ताटावरचा आकडा मिळाला. चाळ हुबेहूब उतरली होती. पार्श्वभूमी रंगवणाऱ्या मंडळींनी गिरगावातल्या चाळी पायी फिरून बघितल्या होत्या. तिथल्याच केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. लाकडी कठडे, गॅलरीतल्या दोऱ्या, जिन्याच्या मधली पोकळी, सगळं जागच्या जागी.

पहिली चोरी चालली, ती का चालली हे आधी बघितलं. कावळा कठड्यावर बसतो, मोदकाकडे बघतो: २० फ्रेम (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र). पोरगा कावळ्याकडे बघतो: १८ फ्रेम. कावळा मान वळवून आभाळाकडे बघतो, जणू त्याचा संबंधच नाही: २५ फ्रेम, म्हणजे पूर्ण एक सेकंद. या सेकंदातच मुलं हसायला लागतात, कारण पुढे काय होणार ते त्यांना कळलेलं असतं. मग झडप फक्त ४ फ्रेम. आणि त्यानंतर पोराचा चेहरा ३२ फ्रेम, ताटातल्या रिकाम्या जागेकडे बघणारा. मोठं हसू इथे आलं. म्हणजे झडप स्वतः सेकंदाच्या सहाव्या भागाइतकी, आणि तिच्या आगेमागे जवळजवळ चार सेकंद. डिझ्नीच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली अ‍ॅनिमेशनची जी १२ तत्त्वं मांडली, त्यातलं अँटिसिपेशन ते हेच. लहान मुलांच्या विनोदात तर सगळी मजा या पूर्वसूचनेवर आणि नंतरच्या चेहऱ्यावर उभी असते.

या एपिसोडमधून नेमकं तेच गेलं होतं. मुद्दाम कोणी काढलं नव्हतं, एडिटमध्ये हळूहळू गेलं होतं.

अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे बोर्डची चित्रं संवादांसह वेळेत बसवून केलेला कच्चा एपिसोड, १२ मिनिटं १० सेकंदांचा निघाला होता. चॅनेलला ११ मिनिटं हवी. ७० सेकंद जास्त, २५ फ्रेमच्या हिशेबाने १,७५० फ्रेम. एकूण शॉट १४२. एक अख्खा प्रसंग काढायच्या ऐवजी प्रत्येक शॉटच्या शेवटून थोडं थोडं कापलं गेलं, सरासरी १२ फ्रेम. कागदावर हे निरुपद्रवी दिसतं, कारण कथेतलं एकही वाक्य जात नाही, एकही विनोद जात नाही. पण शॉटच्या शेवटच्या १२ फ्रेम म्हणजेच तो चेहरा असतो. विनोद सगळे राहिले आणि त्यांच्यावर हसायची जागा तेवढी गेली. ओल्या पायरीवरून पोरगा घसरतो, आपटतो, आणि आपटल्यावर ५ फ्रेममध्ये पुढचा शॉट. बघणाऱ्या मुलांना घसरणं दिसतं, लागलं की नाही ते दिसत नाही. पोराने उठून आधी ताटाकडे बघितलं असतं तर मुलं हसली असती.

जायला हवा होता तो तिसऱ्या मजल्याचा प्रसंग, पूर्ण ५२ सेकंदांचा. पोरगा एका खोलीतल्या भजनात अडकतो आणि गायला लागतो. गाणं गोड आहे. मोदकाशी त्याचा काही संबंध नाही. तो पाहताना मुलांना पोराला काय हवंय याचाच विसर पडतो, आणि पाणी तिथेच मागितलं गेलं. हा प्रसंग अ‍ॅनिमॅटिकमध्येच निघाला असता तर कापायला फक्त १८ सेकंद उरले असते, शॉटमागे जेमतेम ३ फ्रेम, कोणाला कळलंही नसतं. तो राहिला कारण त्यासाठी तीन नवी पात्रं बांधून झाली होती आणि खोलीची पार्श्वभूमी रंगवून तयार होती. केलेलं काम टाकवत नाही, ही भावना मला पूर्ण समजते. तरी टाकायचं असतं.

त्या मुलीचे चार मोदकही याच खोलीत हरवले होते. आत जाताना ताटात १७, बाहेर येताना १३. कावळा खिडकीतून चार उचलतो असा शॉट होता, पण लांबून घेतलेला, आणि कापून १४ फ्रेमचा झालेला. समोर भजनी मंडळी हलत असताना कोपऱ्यातल्या खिडकीकडे कोण बघणार? मोजणी हाच ज्या एपिसोडचा कणा, तिथे ताट प्रत्येक वेळी जवळून, निदान एक सेकंद दिसायलाच हवं.

दुपारी दुरुस्त्यांची यादी केली. अ‍ॅनिमेशन पूर्ण झाल्यावर नवी हालचाल मागणं महाग पडतं, पण शॉटचा शेवट लांबवणं स्वस्त असतं. हात, पाय, डोकं असे सुटे तुकडे जोडून केलेली पात्रं असली की शेवटची पोझ धरून ठेवता येते. फक्त ती दगडासारखी थिजू द्यायची नाही. दहा-बारा फ्रेमच्या पुढे गेली तर एक पापणी मिटवायची किंवा केसांची बट सावकाश खाली बसवायची, नाहीतर मुलांना वाटतं व्हिडिओ अडकला. भजनाची खोली काढली आणि १,३०० फ्रेम मोकळ्या झाल्या. त्या सगळीकडे सारख्या वाटून दिल्या नाहीत. त्यातल्या बहुतेक फ्रेम नऊ विनोदांच्या नंतर आणि पाच विनोदांच्या आधी गेल्या.

चार मोदकांसाठी नवा शॉट जुन्या सामानातून उभा राहिला. पहिल्या मिनिटातलं ताटाचं जवळचं चित्र घेतलं. त्यात प्रत्येक मोदक वेगळ्या लेयरवर आहे, त्यामुळे १७ ठेवून बाकीचे बंद केले. बाजूने चोच येते आणि एक उचलते. १० फ्रेमनंतर दुसरा, पुन्हा १० फ्रेमनंतर तिसरा. मग ३० फ्रेम काहीच नाही. गेला असं वाटतं, आणि चौथा. चौथा लगेच, तिसऱ्यासारखाच उचलला तर विनोद होत नाही. ताल बसवायचा आणि मग मोडायचा.

ताट पडतं तो प्रसंग आवाजाने घालवला होता. शेवटचा, एकविसावा मोदक पोरगा मुठीत पकडतो आणि ताट दुसऱ्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत सुटतं. आमच्या फायनलमध्ये कठड्यापलीकडे गेल्यावर ५ फ्रेममध्ये खणखणाट. वर पोराचं ओरडणं, "अरे बापरे, ताट पडलं!", आणि त्यावर संगीत. सहा-साडेसहा मीटर खाली पडायला खऱ्या ताटाला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतात, ३० फ्रेम धरा. रोडरनर कार्टूनचे दिग्दर्शक चक जोन्स त्यातल्या कोल्ह्याला (कायोटीला) कड्यावरून टाकायचे तेव्हा तो दिसेनासा व्हायला १८ फ्रेम आणि त्यानंतर आदळायला १४ फ्रेम ठेवायचे. सिनेमाच्या, सेकंदाला चोवीस फ्रेमच्या हिशेबाने तेही सव्वा-दीड सेकंदाच्या मधलंच. तो रिकामा वेळ हाच विनोद असतो. पोराचं वाक्य काढलं. डोळ्यांना दिसतंय ते पात्राने सांगायचं नसतं, पण मंजुरीच्या कागदावर असं वाक्य नेहमी सुरक्षित वाटतं म्हणून ते टिकतं. वाक्य गेलं की तोंड हलतं राहतं, म्हणून त्या शॉटमधले ओठ मिटवायचे हे यादीत वेगळं लिहिलं. संगीत ताट सुटायच्या १२ फ्रेम आधी थांबवलं. संवाद, संगीत आणि इफेक्ट्स वेगवेगळ्या ट्रॅकवर होते म्हणून हे तिथल्या तिथे झालं.

शेवटावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि वाद तिथेच झाला. फायनलमध्ये आजी खाली येते आणि डब्यातून २१ ताजे मोदक काढते. मुठीतला मोदक पुढे कुठेच दिसत नाही. मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता: दुसरा डबा होता, तर धावला कशाला? हा डबा कुठून आला याचं उत्तर टिपणांत मिळालं. मूळ बोर्डमध्ये चोरलेले मोदक परत मिळतात आणि बाप्पापुढे ठेवले जातात. त्यावर हरकत आली होती की कावळ्याने उष्टावलेला नैवेद्य दाखवत नाहीत. हरकत बरोबर आहे, घराघरांतून तीच आली असती. उत्तर चुकलं. बाहेरून मदत आणली की पोराच्या सगळ्या धडपडीची किंमत शून्य होते.

तोडगा गोष्टीतच पडलेला होता. कावळ्याने न शिवलेला एक मोदक मुठीत आहेच. तोच बाप्पापुढे जातो. आणि बाकीचे वीस? चौथ्या मजल्यावरून दिसणारा मांडवाचा कापडी माथा पहिल्या मिनिटात आहेच. पहिल्या तीन चोऱ्यांनंतर कावळा त्याच दिशेने उडताना दाखवला की जागा पेरली जाते. शेवटी पोरगा आत एक मोदक ठेवतो. मग वर मांडवाच्या झोळीत वीस मोदक, आणि भोवती चाळीतले सगळे कावळे जमलेले. एकाच कावळ्याच्या बारा प्रती, माना वेगवेगळ्या वळवलेल्या. सगळे खातात, ज्याने चोरले त्याला एकही मिळत नाही. त्याचा चेहरा ४० फ्रेम, विसाव्या फ्रेमला पापणी. दोन नवे शॉट, नवं पात्र एकही नाही. आजीचा डबा गेला, "एकवीसच्या एकवीस" हे वाक्य राहिलं आणि शेवटी तिने एका मोदकाकडे बघून मान डोलवायची, एवढंच ठरलं. मंजुरी संध्याकाळी आली.

एक गोष्ट पूर्ण दुरुस्त झाली नाही. सातव्या मिनिटाला अंधाऱ्या जिन्यात कावळा बारा मोदक एकेक करून नेतो. लेखकाचा हा सर्वात चांगला विनोद, आणि एकाही मुलाने तो पाहिला नाही. काळा कावळा, मागे गडद तपकिरी लाकूड, आकृतीच सुटून दिसत नाही. आम्ही मागच्या खोलीचं दार उघडं करून पिवळा उजेड सोडला, त्यामुळे पंख आणि चोच दिसायला लागली. डोकं मात्र अंगातच मिसळलेलं राहिलं, कारण आमचा कावळा आखलाय नखशिखांत काळा. तसा डोमकावळा असतो. मुंबईच्या कठड्यांवर दिवसभर बसतो तो गावकावळा, त्याची मान राखाडी. ती राखाडी पट्टी असती तर अंधारातही त्याची मान वळलेली कळली असती, आणि या पात्राचा निम्मा विनोद मान वळवण्यात आहे. डिझाइन या सीझनपुरतं कायम झालेलं आहे, मागच्या सगळ्या एपिसोडमध्ये तो असाच दिसलाय. पुढच्या सीझनच्या मॉडेल शीटवर (पात्र कसं काढायचं ते ठरवणाऱ्या नमुना-कागदावर) राखाडी मानेचा कावळा काढून पाठवला आहे, उजेडातला एक आणि जिन्यातल्या अंधारातला एक.