मठाच्या दारात सात आठवडे : माझा अनुभव

आधी कामाचं सांगतो. जर्मनीतल्या ख्रिस्ती मठात पाहुणा म्हणून राहायचं असेल आणि त्यासाठी फोन करायचा असेल तर दुपारी बाराला करू नका आणि संध्याकाळी सहालाही करू नका. मी तीन आठवडे नेमका याच दोन वेळांना फोन करत होतो, कारण बाराला माझा लंच ब्रेक आणि सहाला मी ऑफिसातून सुटतो, आणि पलीकडे रिंग वाजून वाजून बंद व्हायची. नंतर कळलं की बाराला त्यांची मध्यान्हाची प्रार्थना आणि सहाला सायंप्रार्थना. संत बेनेडिक्टच्या नियमातलं, म्हणजे मठात कसं राहायचं हे सांगणाऱ्या त्यांच्या पुस्तकातलं, ४३ वं प्रकरण सांगतं की प्रार्थनेची घंटा ऐकू आली की हातात जे असेल ते तिथेच टाकून निघायचं, देवाच्या कामाच्या आड काहीच येऊ द्यायचं नाही. सहाव्या शतकात इटलीत मॉन्ते कॅसिनोला लिहिलेला नियम आजही या मठातला फोन वाजत ठेवतो. सकाळी नऊ ते अकरा फोन करा, उचलतात.

मी मूळ वसईचा, नोकरीसाठी स्टुटगार्टजवळ राहतो. एका शनिवारी माउलब्रॉनला गेलो होतो, ११४७ सालचा सिस्टर्सियन मठ. सिस्टर्सियन म्हणजे १०९८ मध्ये फ्रान्सात सितो इथे सुरू झालेले, बेनेडिक्टचा नियम जसाच्या तसा पाळायचा म्हणून वेगळे झालेले लोक. तिथे सगळं जागेवर आहे. मठवासींचं भोजनगृह वेगळं, शेतीची कष्टाची कामं करणाऱ्या बंधूंचं वेगळं, जेवणाआधी हात धुवायचं कारंजं बरोबर भोजनगृहासमोर, आणि थंडीत अंग शेकायला एक गरम खोली. सभागृहात रोज नियमाचं एक प्रकरण वाचायचे, म्हणून युरोपात त्या खोलीचं नावच ‘प्रकरण’ पडलं. पण माणसं नाहीत. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात मठ बंद झाला आणि १५५६ मध्ये तिथे शाळा आली. त्या रिकाम्या भोजनगृहात उभं राहून मला वाटलं की हे घड्याळ चालू असताना बघायचंय. म्हणून जिथे अजून मठवासी राहतात असा दक्षिण जर्मनीतला एक मठ शोधला (नाव लिहीत नाही) आणि जानेवारीत त्यांच्या वेबसाईटवरचा पाहुण्यांचा फॉर्म भरला.

आणि मग काहीच नाही.

पहिला आठवडा गेला, म्हटलं ठीक आहे. दुसऱ्या आठवड्यात ईमेल केला. तिसऱ्यात परत फॉर्म भरला, कारण ‘राहण्याचं कारण’ या चौकटीत मी ‘मध्ययुगीन मठजीवनाची आवड’ लिहिलं होतं आणि मला वाटलं की टुरिस्ट समजून बाजूला ठेवला असेल, म्हणून या वेळी ‘प्रार्थनेत सहभागी व्हायचं आहे’ असं लिहिलं, जे खरंच होतं. (ही दुसरी टिप. कारण नीट लिहा, त्यांना हॉटेल चालवायचं नसतं.) चौथ्यात परत ईमेल. फोनचं वर सांगितलंच.

एवढ्या वेळात मी नियमाचं रोज एक प्रकरण वाचायला लागलो, प्रस्तावना आणि ७३ प्रकरणं, आणि जसजसं वाचत गेलो तसतसा राग वाढत गेला. कारण पाहुण्याला कसं घ्यायचं हे त्यात इतकं स्पष्ट आहे! ५३ वं प्रकरण उघडलं की पहिलीच गोष्ट, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला साक्षात ख्रिस्त समजून घ्या. पाहुणा आल्याची वर्दी मिळाली की वरिष्ठांनी आणि बंधूंनी सामोरं जायचं, आधी बरोबर प्रार्थना करायची, ॲबटने, म्हणजे मठाच्या प्रमुखाने, त्याच्या हातावर पाणी घालायचं, सगळ्यांनी मिळून त्याचे पाय धुवायचे. पाहुण्यांसाठी वेगळं स्वयंपाकघर, म्हणजे अवेळी आलेल्या माणसामुळे बाकीच्यांची घडी मोडत नाही. आणि गरीब आणि यात्रेकरू यांची जास्त काळजी घ्या, कारण श्रीमंतांचा दरारा आपोआप मान मिळवतोच, असं तिथे लिहिलंय. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

हे नुसतं कागदावर नव्हतं. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालनच्या ग्रंथालयात नवव्या शतकातला मठाचा एक नकाशा आहे, चामड्याचे पाच तुकडे शिवून केलेला, साधारण ११२ बाय ७७ सेंटिमीटर, रायखेनाऊ बेटावरच्या मठात काढून सांक्ट गालनच्या ॲबटला पाठवलेला. त्यात मोठ्या पाहुण्यांचं घर वेगळं, घोड्यांच्या तबेल्यासकट, आणि गरीब यात्रेकरूंचं वेगळं, आणि दोघांनाही स्वतंत्र स्वयंपाकघर, भट्टी आणि बिअर करायची जागा. ही योजना बाराशे वर्षांपूर्वीची, आणि मला एका फॉर्मचं उत्तर मिळत नव्हतं.

ऑफिसातल्या एका जर्मन मित्राने, आणि नंतर माझ्या बायकोनेही, तेच म्हटलं की अरे, ही तुझी परीक्षा चाललीय, पूर्वी मठात सहज घ्यायचेच नाहीत ना. मला हे अजिबात पटलं नाही, आणि का ते सांगतो कारण बरेच लोक यात गल्लत करतात. दारात ताटकळत ठेवायचं ते ५८ व्या प्रकरणात आहे, आणि ते जन्मभरासाठी येणाऱ्या उमेदवारासाठी. त्याने चार-पाच दिवस दार ठोठवायचं, अपमान आणि अडचण सहन करायची, तरी हटला नाही तर आत घ्यायचं. मग दोन महिन्यांनी त्याला अख्खा नियम वाचून दाखवायचा, परत सहा महिन्यांनी, परत चार महिन्यांनी, आणि प्रत्येक वेळी सांगायचं की जमत नसेल तर तू मोकळा आहेस, जा. शेवटी व्रत घेतलं की अंगावरचे कपडे काढून मठाचे घालायचे, पण जुने कपडे फेकायचे नाहीत, जपून ठेवायचे, कधी निघून गेला तर परत देता यावेत म्हणून. इतका विचार केलाय. पण ते दार वेगळं आणि पाहुण्याचं दार वेगळं. पाहुण्याची परीक्षा घ्या असं मला कुठेच सापडलं नाही.

उलट ६६ व्या प्रकरणात द्वारपाल आहे. शहाणा, वयस्कर माणूस, त्याची खोली दाराशेजारीच, म्हणजे येणाऱ्याला उत्तर द्यायला कायम कोणीतरी असेल. कोणी ठोठावलं की लगेच ‘देवाचे आभार’ म्हणायचं आणि प्रेमाने, चटकन उत्तर द्यायचं. आणि त्याला मदत लागत असेल तर एक तरुण बंधू द्या, हेसुद्धा लिहिलंय. त्याच्या आधी ३१ व्यात कोठी सांभाळणाऱ्याचं आहे. मागणाऱ्याला द्यायला काही नसेल तर निदान चांगला शब्द द्या. मला खोली नसती मिळाली तरी चाललं असतं. ‘जागा नाही’ एवढं तरी कळायला हवं होतं, सुट्टी टाकायची की नाही यावर माझं सगळं अडलं होतं.

सहाव्या आठवड्यात मामांना फोन केला. माझे मामा फादर आहेत, वसईतच असतात. ते म्हणाले, “अरे, ईमेल कसले करतोस? हाताने पत्र लिही आणि पोस्टात टाक. पत्र आलं की कोणीतरी उघडतंच.” म्हटलं, “मामा, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” तर म्हणाले, “तू विचारलंस कधी?” पत्र टाकलं आणि सहाव्या दिवशी उत्तर आलं, हाताने लिहिलेलं, चार रात्रींची खोली पक्की. ते पाकीट हातात घेऊन मी जिन्यातच बसलो.

राहणं फार छान झालं. गरम मोजे न्या, चर्च गार असतं. पहाटेची प्रार्थना तिथे पाचला. मध्ययुगात हिवाळ्यात रात्रीच्या आठव्या तासाला उठायचे, म्हणजे आपल्या हिशोबाने दोनच्या आसपास, आणि त्यांचे तास लहानमोठे व्हायचे, कारण दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग. या भागात डिसेंबरात दिवसाचा एक तास जेमतेम ४० मिनिटांचा भरणार आणि जूनमध्ये ८० चा. झोपायचं कपड्यांत, कंबरेला पट्टा बांधून, पण चाकू काढून ठेवून म्हणजे झोपेत लागायला नको, आणि खोलीत रात्रभर दिवा. बायबलमधली १५० स्तोत्रं एका आठवड्यात संपवायची. मी राहिलो तिथे आता दोन आठवडे घेतात.

तिसऱ्या पहाटे मला उशीर झाला. धावत गेलो तर पहिलं स्तोत्र अजून चालू होतं, अगदी सावकाश. नियमातच आहे की हे स्तोत्र मुद्दाम हळू म्हणा, उशिरा येणाऱ्याला गाठता यावं म्हणून. मागच्या बाकावर बसलो तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खरंच.

जेवताना बोलायचं नाही, एक जण वाचतो, बाकीचे खातात. नियमात दोन शिजवलेले पदार्थ, मिळाली तर फळं, माणशी दिवसाला एक रत्तल पाव आणि एक हेमिना वाईन, म्हणजे पाव ते अर्धा लिटर. चार पायांच्या प्राण्याचं मांस फक्त फार अशक्त आजाऱ्याला. मीठ हवं असेल तर खुणेने मागा, शेजारचा देतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ईस्टरपर्यंत त्या काळी दिवसाला एकच जेवण असायचं, आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, तेही संध्याकाळी. मी लेंटमध्येच होतो, मला तीन वेळा वाढलं. लेंटच्या सुरुवातीला प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक मिळायचं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. स्वतःचं असं काही नाही, लेखणीसुद्धा मठाची, आणि लपवलेलं काही आहे का बघायला ॲबट अंथरूण तपासायचा.

निघायच्या दिवशी पाहुण्यांचं बघणाऱ्या फादरना सात आठवड्यांचं सगळं सरळ सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. फॉर्मचे मेल ज्यांच्याकडे जायचे ते आजारी होते आणि पासवर्ड दुसऱ्या कोणाकडे नव्हता. त्यांनी माफी मागितली आणि मी ती मनापासून घेतली, पण द्वारपालाला मदतनीस द्या असं लिहिलेल्या नियमाच्या घरात हे व्हायला नको होतं, असं मला अजून वाटतं.

पैसे शेवटच्या दिवशी पाकिटात देतात, सुटे ठेवा. पत्र लिहाल तेव्हा नाव, तारखा, किती रात्री आणि प्रार्थनेला बसणार का एवढं लिहा, जर्मन मोडकंतोडकं असलं तरी चालतं. आणि मी शेवटी एक ओळ टाकली होती ती नक्की टाका, की जागा नसेल तर कृपया तेवढं तरी कळवा.