रंकाळ्यावर भरलेला विज्ञानाचा तास

आज नववीच्या पोरांबरोबर कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर होते. जलपर्णी एवढी का माजते, हा प्रश्न घेऊन त्यांच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गच काठावर आणला होता. सांडपाण्यातून, डिटर्जंटमधून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, तेच तिचं खत. पोरांनी हे फिरायला आलेल्या लोकांना आपल्या शब्दांत समजावलं, तेही न लाजता! एका आजोबांनी उलट विचारलं, "मग आमच्या गल्लीचं पाणी जातं कुठं?" कुणालाच सांगता येईना. आता तोच पुढचा अभ्यास. गटारींचा माग काढून नकाशा करायचा, महापालिकेला नेऊन द्यायचा.

सेवा आणि अभ्यास असे एकात एक मिसळलेले मला फार हवेत. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ पासून आहे, पण ती मुख्यतः कॉलेजात. शाळेत श्रमदान एकीकडे, धडा दुसरीकडे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते याच कोल्हापुरात. इथल्या शाळांनी हेही करून बघावंच. कुणाला आपल्या शाळेत सुरू करायचं असेल तर सांगा, बाईंशी गाठ घालून देते.