वारा हाच इथला घाट: नेदरलँड्समधल्या दोघांच्या सायकलफेऱ्यांची नोंदवही

मुक्काम आम्स्टरडॅमजवळच्या आम्स्टलफेनला. सायकली दोन, दोन्ही सेकंडहँड: एक तीन गिअरची, उलटं पायडल मारून थांबणारी, दुसरी सात गिअरची, रोलर ब्रेकवाली. या मोसमात चार फेऱ्या पुऱ्या झाल्या: आम्स्टल-खाइन, वॉटरलँड, रिंगफार्ट आणि हाउट्रिबडाइक. आफ्स्लाउटडाइक बाकी आहे (डाइक म्हणजे बंधारा).

खंबाटकी किंवा सिंहगड चढून आलेल्यांनी सपाट देश म्हणून हुरळून जाऊ नये. घाटाला माथा असतो आणि माथ्यापलीकडे उतार. वाऱ्याला दोन्ही नसतं. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. शांत हवेत ताशी १८ किमीने चाललेल्या माणसाला समोरून ताशी १८चाच वारा लागला, तर वेग टिकवायला हवेविरुद्ध चौपट जोर लागतो. साहजिकच वेग १२वर येतो. ‘येताना वारा पाठीशी असेल, फिट्टंफाट होईल’ हा गोड गैरसमज आहे. २० किमी जाताना १२च्या वेगाने १ तास ४० मिनिटं, येताना २४च्या वेगाने ५० मिनिटं, म्हणजे एकूण अडीच तास. शांत हवेत तेच ४० किमी १८च्या वेगाने सव्वादोन तासांच्या आत होतात. हरवलेला वेळ परत मिळत नाही, कारण सोसण्याचा वेळ सुखाच्या वेळेच्या दुप्पट असतो.

इथले हवामान अंदाज वारा बोफोर्ट अंकात सांगतात. ३ म्हणजे ताशी १२ ते १९ किमी, ४ म्हणजे २० ते २८, ५ म्हणजे २९ ते ३८. आमची मर्यादा झाडीतून आणि गावांतून ५, उघड्या बंधाऱ्यावर ४. ६ असेल त्या दिवशी घरी पोहे. दिशा सांगतात ती वारा जिथून येतो ती. अक्षरांनी मात्र चकवा बसतो. ‘झेड’ म्हणजे दक्षिण, ‘ओ’ म्हणजे पूर्व. अंदाजात ‘एन-ओ’ दिसलं तर तो नकार नाही, ईशान्येचा वारा आहे. बहुतेक दिवस वारा नैऋत्येचा, आपल्या मोसमी पावसाच्याच दिशेचा. पावसासाठी रडार दाखवणारं अ‍ॅप बघावं. पुढच्या दोनेक तासांचा अंदाज भरवशाचा असतो, उद्याचा नाही. निघायची वेळ अर्ध्या तासाने पुढेमागे केली की निम्मे पाऊस टळतात.

आम्स्टल-खाइन, ३५ किमी. नव्याने आलेल्यांनी हीच आधी करावी. आम्स्टल नदीच्या काठाने आउडरकेर्क, तिथून अपकाउडे आणि मग खाइन ही छोटी नदी. मोन्द्रियान या डच चित्रकाराने रंगवलेली पवनचक्की याच काठावर आहे. काठाला झाडी असल्याने वारा अडतो. रस्ता अरुंद, गाड्यांनाही खुला आणि वळणं आंधळी, त्यामुळे रविवारी शर्यतीच्या सायकलींचे थवे येतात तेव्हा एकामागे एक व्हावं. अपकाउडेला रेल्वे स्टेशन आहे, थकल्यास तिथून सुटका.

वॉटरलँड, बोटीच्या धक्क्यापासून ५०च्या आसपास. आम्स्टरडॅम सेंट्रल स्टेशनच्या मागच्या बाजूने पलीकडे जाणारी बोट फुकट आहे, सायकलीसकट. पुढे दुर्खरडॅम, आउटडॅम, मार्कन, मोनिकेनडॅम, ब्रूक आणि परत. मार्कन १९५७पर्यंत बेट होतं, आता बंधाऱ्याने जोडलेलं आहे. या बंधाऱ्यावर दोन्हीकडे पाणी आणि आडोसा शून्य. बाकी रस्त्यावर ४ वाटणारा वारा इथे अंगावर येतो. शिवाय मार्करमेर सरोवराच्या काठचे बंधारे मजबूत करण्याची कामं बरीच वर्षं चालली आहेत. पिवळ्या पाटीवर ‘ओमलायडिंग’, म्हणजे वळणमार्ग, दिसलं की मुकाट्याने वळावं. ‘सायकल जाईल की कुठून तरी’ हा आपला भरवसा इथे कुंपणापाशी संपतो आणि तीन किमी मागे यावं लागतं.

रिंगफार्ट, ६० किमी. या देशाचं गणित एका फेरीत बघायचं असेल तर हीच. हार्लेमरमेर हे मोठं तळं होतं. भोवती कालवा खोदून, वाफेच्या तीन पंपघरांनी पाणी उपसून १८५२ला ते कोरडं केलं. तो गोल कालवा म्हणजे रिंगफार्ट. बंधाऱ्यावरून जाताना एका हाताला कालव्याचं पाणी आणि दुसऱ्या हाताला, त्या पाण्याच्या बऱ्याच खाली, शेतं आणि घरांची छपरं. तीन पंपघरांपैकी क्रुकियस आता संग्रहालय आहे. त्याच्या वाफेच्या सिलिंडरचा व्यास ३.६६ मीटर. मार्ग गोल असल्याने वारा चारही बाजूंनी चाखायला मिळतो, म्हणून सुरुवात वाऱ्याला तोंड देऊन करावी. नैऋत्येचा वारा असेल तर आल्समेरहून आधी दक्षिणेकडे वळावं. पाय ताजे असताना कठीण भाग उरकतो आणि शेवटचे २० किमी कोणीतरी मागून ढकलत असल्यासारखे जातात. एप्रिलच्या मध्याला लिसेपाशी कालवा सोडून ट्यूलिपच्या शेतांकडे जाता येतं. शेतात पाय ठेवू नये. कंदांचे रोग चिखलाच्या बुटांतून पसरतात. आणि पुढच्या आठवड्यावर ढकलू नये. कंद पोसावा म्हणून शेतकरी फुलांची मुंडकी यंत्राने छाटतात. काल रंगीत असलेलं शेत आज निव्वळ हिरवं, हे नेहमीचं.

हाउट्रिबडाइक, बंधारा २७ किमी. एन्क्हाउझन ते लेलिस्टाट, एका बाजूला आयसलमेर, दुसऱ्या बाजूला मार्करमेर. दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे कुठून सुरुवात करायची हे आदल्या रात्री वारा बघून ठरवता येतं. बंधारा साधारण वायव्येकडून आग्नेयेकडे जातो, म्हणून वायव्येचा किंवा उत्तरेचा वारा असेल तर एन्क्हाउझनहून निघावं, दक्षिणेचा असेल तर लेलिस्टाटहून. नैऋत्येचा वारा आडवा बसतो, तरी लेलिस्टाटहून निघाल्यास किंचित पाठीशी राहतो. वाटेत खायला-प्यायला काही मिळेल असं धरून चालू नये. माणशी दीड लिटर पाणी आणि दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी दिवसभर मऊ राहते. पोळीची गुंडाळी वाऱ्यात दोन तासांत कडक होते.

रेल्वेत सायकल. सायकलीचं वेगळं दिवसाचं तिकीट लागतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६.३० या वेळात सायकल नेता येत नाही. शनिवार-रविवारी दिवसभर चालते. घडीची सायकल घडी केलेली असेल तर कधीही फुकट. दारावर सायकलीचं चित्र असलेला डबा शोधावा. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी तीननंतर तो भरलेला असतो, दोन सायकलींना जागा मिळेलच असं नाही. अशा वेळी स्टेशनवरची भाड्याची निळी-पिवळी सायकल बरी पडते; एका कार्डावर दोन मिळतात.

आकड्यांचं जाळं. इथले सायकलमार्ग क्नोपपुंट म्हणजे आकडे दिलेल्या चौकांनी जोडलेले आहेत. ही कल्पना शेजारच्या बेल्जियममधल्या लिम्बुर्ख प्रांताची. १९९५ला ह्युगो बोलन या खाणींच्या इंजिनिअरने खाणीतल्या बोगद्यांच्या खुणांवरून ती मांडली. निघण्यापूर्वी आकडे क्रमाने कागदावर लिहून हँडलला चिकटवावेत. पेन्सिलीनेच, पेनची शाई पहिल्याच पावसात ओघळते. आकडे १ ते ९९ इतकेच असल्याने पुढच्या भागात पुन्हा तेच येतात. ३४ दिसला म्हणजे आपलाच ३४ असं नाही, म्हणून प्रत्येक चौकातल्या नकाशावर गावाचं नाव बघावं. चुकण्याचं मुख्य कारण झुडूप. जूननंतर पाट्या पानांत दडतात. दोन फाटे गेले आणि आकडा दिसला नाही, तर पुढे रेटू नये, मागे यावं. दुसरा आधार दिशादर्शक पाट्यांचा: पांढऱ्यावर लाल अक्षरं म्हणजे सरळ रस्ता, हिरवी अक्षरं म्हणजे लांबचा पण देखणा. कंटाळल्यावर लाल धरावा.

पंक्चर. आता खरा मुद्दा. इथल्या साध्या सायकलींना जो व्हॉल्व्ह असतो तोच आपल्याकडच्या काळ्या सायकलींना असतो. फरक इतकाच, की आपल्याकडे आत रबरी व्हॉल्व्ह ट्यूब असते, इथे बहुतेक ठिकाणी आत छोटी गोळी असलेला प्रकार मिळतो. तो घ्यावा, हवा भरायला जोर कमी लागतो आणि रबर कुजण्याचा प्रश्न नाही. हवा हळूहळू उतरत असेल तर आधी व्हॉल्व्हवरची नळी घट्ट आहे का बघावं, मग थुंकी लावून बुडबुडा येतो का ते. पुण्यातल्या पंक्चरवाल्याची ही परीक्षा इथेही पास होते.

मागचं चाक काढायच्या भानगडीत पडू नये. बंद चेनकव्हर, गिअरची वायर, ब्रेकचा दांडा, सगळं सोडवून परत जुळवण्यात तास जातो. सायकल पालथी घालावी. चेन नसलेल्या बाजूने टायरची कड तीन पट्ट्यांनी रिमवरून उतरवावी आणि ट्यूब चाक न काढताच बाहेर ओढावी. थोडी हवा भरून भोक शोधावं. कालवा हाताशी असतोच, ट्यूब त्यात बुडवता येते. जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासावी, पॅचपेक्षा बोटभर जास्त. सोल्यूशन पातळ लावून पाच मिनिटं थांबावं. चमक गेली की मगच पॅच. ओल्यावर लावलेला पॅच दहा किमीत सुटतो. ही घाई हेच दुसऱ्या पंक्चरचं कारण. ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवावं. काच किंवा काटा तिथेच असतो. शरद ऋतूत शेताकडेची काटेरी कुंपणं छाटतात आणि तुकडे सायकलमार्गावर पडतात. त्या दिवसांत दोन पंक्चरची तयारी ठेवावी. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर काट्याचा दोष नाही, हवा कमी होती. विटांच्या रस्त्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटली गेली.

टायर घेताना बाजूवरचा आकडा वाचावा, ‘२८ इंची’ एवढ्यावर जाऊ नये. ३७-६२२ (रुंदी आणि रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) हा आजचा सर्रास आकार. जुन्या आजीबाई सायकलींचा ४०-६३५, आपल्याकडच्या जुन्या २८ इंचीचाही तोच. दोन्हीला २८च म्हणतात. रिमच्या व्यासात १३ मिलिमीटरचा फरक असल्याने एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. ट्यूब मात्र दोन्हीत चालते. हवा साडेतीन ते चार बार. कॅरिअरवर सामान असेल तर मागच्या चाकात चारच.

सोबत १५ नंबरचा पाना, तीन पट्ट्या, पॅच, दोन व्हॉल्व्ह आणि एक ट्यूब. सात गिअरचा घोटाळा झाला, पायडल मधेच सटकायला लागलं, तर गिअर चारवर ठेवून हबवरच्या दोन खुणा वायरच्या स्क्रूने एका रेषेत आणाव्यात. तीन गिअरवाल्यात हेच काम दुसऱ्या गिअरवर. बहुतेकदा एवढ्याने भागतं. रोलर ब्रेक किंचाळू लागला म्हणजे त्याचं ग्रीस संपलं. त्याचंच उष्णता सोसणारं ग्रीस घालावं. साधं घातलं तर ब्रेक धरेनासा होतो.

दोघांनी चालवताना. शेजारी-शेजारी दोघं चालवणं इथे कायदेशीर आहे, पण वाऱ्यात ते महागात पडतं. समोरून वारा असेल तर एकामागे एक, दर पाच मिनिटांनी जागा बदलून. आडवा असेल तर मागच्याने वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला किंचित मागे राहावं. पायब्रेकवाली सायकल पुढे असताना मागच्याने जपावं. उलटं पायडल पडलं की ती काही सूचना न देता थांबते. अंतर एका चाकाइतकं तरी हवं. अनोळखी चौकात आधी जमिनीकडे बघावं. पांढरे त्रिकोण तुमच्याकडे टोक करून असतील तर थांबायचं तुम्ही. काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणारा आधी, मग ती सायकल असली तरी. मोबाइल हातात धरून चालवायला १ जुलै २०१९पासून बंदी आहे, तेव्हा नकाशा हँडलच्या पकडीत किंवा तो पेन्सिलीचा कागद.

पुढचं. आफ्स्लाउटडाइक, ३२ किमी. २८ मे १९३२ला शेवटचं भगदाड बुजलं, त्या जागी मनोरा आहे. २०१९ला नूतनीकरण सुरू झाल्यावर हा रस्ता सायकलींना बरीच वर्षं बंद होता आणि सायकली बसने पलीकडे नेत, म्हणून आदल्या दिवशी मार्ग खुला आहे का ते तपासायचं. बेत असा: रेल्वेने आना पाउलोना, तिथून सुमारे २० किमी डेन ऊफर, मग बंधारा, मग दहाएक किमी हार्लिंगन आणि तिथून रेल्वे. ही शेवटच्या टप्प्याची गाडी दुसऱ्या कंपनीची आहे, सायकलीचे नियम तिचे वेगळे बघायचे. बंधारा नैऋत्येकडून ईशान्येला जातो, म्हणजे नेहमीचा वारा बरोबर पाठीवर. ३ किंवा ४, नैऋत्य, आणि रविवार: तिन्ही जुळेपर्यंत सायकली तेल घालून दारात.