चिरलेला टमाटा थांबू देऊ नका

परवा सकाळी साडेसहाला फोन आला. "आक्का, दुधाच्या गाडीत टमाट्याचे दोन कॅरेट पाठवलेत. उतरून घे." माझा धाकटा भाऊ मोहोळ तालुक्यात शेती करतो. भाव बरा असला की तो रात्री जेवण उरकून निवांत फोन करतो, पोरांची चौकशी करतो. सकाळी सकाळी एवढंच बोलून फोन ठेवला, तेव्हाच मी समजले, भाव पडलाय.

बाजारात कॅरेटला सत्तर रुपये सांगितले म्हणे. कॅरेटमध्ये वीस-बावीस किलो माल असतो. तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली जाऊन हातात काही उरत नाही. 2023 च्या जुलैत हाच टमाटा किलोला शंभराच्या वर गेला होता, पण त्या वेळी त्याच्या रानात टमाटाच नव्हता. तांबडाबुंद, हाताला टणक लागणारा माल बांधावर ओतताना मी त्याला एकदा पाहिलंय. त्या दिवसापासून असे कॅरेट आले की मी सॉस करते.

त्यातून त्या दिवशी आमचा पाण्याचा दिवस होता. आमच्याकडे चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे टमाटे मनासारखे धुता आले. एक कॅरेट शेजारीपाजारी आणि नणंदेकडे गेलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी मूळच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलतात. त्यांनी पाच किलो नेले आणि दुपारपर्यंत मीठ लावून गच्चीवर वाळत घातलेसुद्धा. त्यांची चिंच घातलेली टमाट्याची पच्चडी, म्हणजे लोणच्यासारखी चटणी, वर्षभर टिकते. सोलापूरच्या उन्हाचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

सॉससाठी मी दहा किलो निवडले. पूर्ण पिकलेले, देठाजवळ हिरवे नसलेले, कुठेही डाग नसलेले. एक कुजका टमाटा सगळ्या पातेल्याला वास लावतो.

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली होती. संध्याकाळी सगळे टमाटे मिक्सरमधून काढले, पातेलं झाकून ठेवलं आणि सकाळी शिजवायला घेतले. तीन तास आटवूनही सॉस दाट होईना. बाटलीत भरला तर खाली गाळ आणि वर पाणी. मला वाटलं, टमाटाच पाणचट होता. कारण वेगळंच होतं. टमाट्याला दाटपणा देणारं पेक्टिन त्याच्यातच असतं, आणि ते तोडणारी विकरंही (एन्झाइम) त्याच्यातच असतात. टमाटा चिरला, वाटला की ती कामाला लागतात. गरम झाली की थांबतात. मी त्यांना अख्खी रात्र दिली होती!

म्हणून आता पातेलं आधी गॅसवर चढवते. चार-पाच टमाटे चिरायचे की लगेच गरम पातेल्यात, ते रटरटायला लागले की पुढचे. पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, अजिबात नको, आंबट रस त्याला खातो. पाण्याचा थेंबही घालत नाही. टमाटे मऊ झाले की पुरणयंत्रातून काढते आणि मग बारीक चाळणीतून, म्हणजे साल आणि बी दोन्ही मागे राहतात. दहा किलोंचा साधारण सात किलो रस निघाला.

सात किलोंना साखर अर्धा किलो, मीठ सत्तर ग्रॅम. साखरेचा तिसरा हिस्सा सुरुवातीलाच घालते, त्याने रंग चांगला राहतो. उरलेली साखर आणि मीठ शेवटी. मीठ आधी घातलं तर आटल्यावर खारटपणाचा अंदाज चुकतो. पातळ मलमलच्या पुरचुंडीत साडेतीनशे ग्रॅम कांदा, सत्तर ग्रॅम आलं, पस्तीस ग्रॅम लसूण, तेवढीच ब्याडगी मिरची, दालचिनी, मिरी, जिरं, वेलदोडा आणि मोजून आठ लवंगा. लवंग जास्त झाली की सॉसला औषधासारखी चव येते. पुरचुंडी रसात सोडायची आणि मधूनमधून पळीने दाबायची.

मी रस दोन पातेल्यांत विभागते, लवकर आटतो. अर्ध्यावर आल्यावर तो फदफद उडायला लागतो, तिथून पुढे हलणं नाही. लांब दांड्याचा उलथना घेऊन तळ सतत खरवडत राहायचा. मार्चमध्ये सोलापुरात भरदुपारी गॅससमोर उभं राहणं म्हणजे काय ते इथल्या बायकांना सांगायला नको. मी पहाटेच सुरू करते.

झाला की नाही हे बशी सांगते. थंड बशीत अर्धा चमचा सॉस टाकायचा आणि मिनिटभर बघत राहायचं. कडेने पाण्याची बारीक रेघ सुटली तर अजून आटवायचा. परवा दोनदा रेघ सुटली. तिसऱ्यांदा थेंब टाकला तसा उभा राहिला, बशी तिरकी केली तर सावकाश, एकसंध सरकला. मग पुरचुंडी पिळून काढली, मीठ-साखर घातली आणि अगदी शेवटी पावणेदोनशे मिली व्हिनेगर. ते आधी घातलं तर वाफेबरोबर उडून जातं, आणि सॉस टिकवायचं निम्मं काम तेच करतं.

काचेच्या बाटल्या वीस मिनिटं उकळून गरमच ठेवायच्या. गार बाटलीत उकळता सॉस ओतून मी एक बाटली तडकवली आहे, तो सगळा सॉस काचेमुळे टाकून द्यावा लागला. भरून झाकणं लावली की खाली फडका अंथरलेल्या पातेल्यात गरम पाण्यात अर्धा तास. मी टिकवायची पावडर वापरत नाही, त्यामुळे सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये, आणि उघडलेली महिन्याच्या आत संपवायची.

या वेळी पाच बाटल्या भरल्या आणि पातेल्याला लागलेला सॉस धाकटीने भाकरीने पुसून खाल्ला. कॅरेट परत पाठवावे लागतात, नाहीतर भावाला पुढच्या तोडणीला अडतं. उद्या पहाटे दुधाची गाडी येईल. एका रिकाम्या कॅरेटमध्ये जुन्या चादरीत गुंडाळून तीन बाटल्या ठेवल्यात, आणि त्याच्या आवडीची शेंगा चटणी.