जर्मनीतला योगाचा पायाभूत कोर्स: फी, खाडे आणि त्रिकोणासन

शाळेत सूर्यनमस्कार घातलेत, मग आता जर्मन बाईंकडून ताडासन शिकायचं का? इकडे नव्याने आलेली मराठी मंडळी हे हमखास विचारतात. शिकावं. फीचा बराच भाग परत मिळतो, आणि शाळेच्या मैदानावर शिट्टीच्या तालात जे राहून गेलं, ते इथे आधी शिकवतात.

आधी पैशांचं बघू. जर्मनीतल्या सार्वजनिक आरोग्यविमा संस्था, म्हणजे क्रांकेनकासे, आजार टाळण्यासाठीच्या कोर्सना कायद्यानुसार हातभार लावतात. हठयोग त्यात ताण कमी करण्याच्या सदराखाली येतो. मात्र कोर्स मध्यवर्ती तपासणी संस्थेने मान्य केलेला हवा. असे कोर्स साधारण ८ ते १२ तासिकांचे असतात, आठवड्यातून एकदा, गट जास्तीत जास्त १५ जणांचा. फी आधी आपण भरायची आणि शेवटी हजेरीचा दाखला कासेकडे पाठवायचा. किती टक्के आणि कमाल किती मिळणार, हे प्रत्येक कासेचं वेगळं, म्हणून नाव नोंदवण्याआधीच विचारून घ्यावं. हजेरी ८० टक्के लागते. हिशेब करा: आठ तासिकांच्या कोर्समध्ये एकच खाडा परवडतो, दहाच्या कोर्समध्ये दोन. डिसेंबरात घरी जायचं तिकीट काढलं असेल तर शरद ऋतूतला कोर्स सोडून द्यावा. स्टुडिओतलं दहा वेळांचं कार्ड, म्हणजे पैसे एकदम भरून हव्या त्या दहा वर्गांना जायचं, सोयीचं वाटतं, पण त्याचे पैसे कासे देत नाही. नवशिक्यालाही ते कार्ड फारसं उपयोगी नाही, कारण दर वेळी शेजारी वेगळे आणि धडा वेगळा.

निवड असेल तर अय्यंगार पद्धतीचा वर्ग घ्यावा. लाकडी किंवा फोमच्या विटा, पट्टे, घोंगड्या, पाठ काढलेली लोखंडी खुर्ची हे सामान बघून पुणेकराला ओळखीचं वाटेल. बी. के. एस. अय्यंगारांची पुण्यातली संस्था १९७५ सालची, आणि साधनं वापरून शिकवण्याची ही रीत त्यांचीच.

पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक वेळ उभं राहण्यातच जातो. ताडासनात अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाचेच्या दोन बाजू असे चार बिंदू सारखे दाबायचे. ज्यांचे गुडघे मागे लॉक होतात त्यांचा भार टाचांवर जातो, ओटीपोट पुढे येतं आणि कंबर दुखते. अशांना मांडीचे स्नायू वर खेचायला सांगतात.

खरा कस लागतो तो त्रिकोणासनात. पायांत तीन ते साडेतीन फूट अंतर, उजवं पाऊल ९० अंश बाहेर, डावं किंचित आत, उजवी टाच डाव्या पावलाच्या कमानीच्या रेषेत, मग उजवीकडे वाकायचं. इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात: हात जमिनीला टेकवण्याच्या हट्टापायी छाती खाली वळते, नितंब मागे जातो आणि पुढच्या गुडघ्यावर भलताच ताण येतो. उपाय विटेचा. ती घोट्याच्या बाहेर उभी ठेवून त्यावर हात टेकवायचा, तरी छाती उघडत नसेल तर नडगीवर. पाठ भिंतीला लावली की नितंब कुठे सटकतो ते लगेच कळतं. हात टेकण्याला काही मोल नाही; बरगड्यांची खालची बाजू लांब राहिली की आसन जमलं.

अधोमुख श्वानासनात, म्हणजे हात-पाय टेकवून नितंब वर उचलतात तेव्हा, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांची मांडीची मागची बाजू आखडलेली असते. गुडघे जबरदस्तीने सरळ केले तर पाठीला कुबड येतं. सुरुवातीला गुडघे वाकवावेत, किंवा हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवावेत. मनगट दुखत असेल तर बहुधा तर्जनीचं मूळ उचललेलं असतं आणि भार तळहाताच्या टाचेवर पडतो.

मांडी घालून बसणं आपल्याला येतंच, हा समज पहिल्याच तासिकेत मोडतो. गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर पाठ वाकणारच. दोन-तीन घड्या केलेल्या घोंगड्या खाली घ्या. सर्वांगासन शेवटच्या आठवड्यांत येतं. खांद्यांखाली तीन-चार घोंगड्या, डोकं मात्र खाली जमिनीवर, म्हणजे मान चेपत नाही. रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचं दुखणं असेल तर पहिल्याच दिवशी सांगावं. पाळीतही उलटी आसनं टाळून पर्यायी आसनं देतात.

तासिकेआधी जेवण होऊन तीन तास झालेले असावेत. थंडीत शाळेच्या व्यायामशाळेत वर्ग असेल तर जाड मोजे आणि स्वेटर बरोबर ठेवा, पण फक्त शवासनासाठी: आसनं अनवाणीच करायची, मोज्यांनी पाय घसरतो. वेळेवर पोहोचा. काही ठिकाणी तासिका सुरू झाली की दार बंद होतं.