दातावरून वय किती नेमकं कळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दात हातात दिला की वयाचा एकच आकडा मिळावा, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. पण दात लहान मुलाचा असेल तर अंदाज वर्षभराच्या आसपास पोहोचतो, चाळिशीतल्या माणसाचा असेल तर दहा वर्षं इकडेतिकडे होतात.

मुलांचे दात अजून घडत असतात. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमाराला येते, दुसरी बाराव्या. मात्र दुधाचा दात किडून लवकर काढलेला असला किंवा जबड्यात दाटी असली, तर दात उगवणं पुढेमागे होतं. म्हणून एक्स-रेत मूळ कुठवर वाढलंय ते पाहायचं. डेमिर्जियन यांच्या १९७३ च्या पद्धतीत खालच्या जबड्यातल्या डाव्या बाजूच्या सात दातांना ए ते एच अशा आठ टप्प्यांत बसवून गुण देतात आणि गुणांच्या बेरजेवरून तक्त्यात वय पाहतात. मुलगे आणि मुलींचे तक्ते वेगळे. हे तक्ते मुळात फ्रेंच-कॅनेडियन मुलांचे आहेत. दुसऱ्या समाजातल्या मुलांना ते तसेच लावले की वय बऱ्याचदा जास्त येतं.

मोठेपणी वाढ संपते, मग म्हातारपणाच्या खुणा शोधायच्या. झिजेवर माझा फारसा विश्वास नाही. झोपेत दात खाणाऱ्या तिशीतल्या माणसाचे दात पन्नाशीतले वाटू शकतात. मुळाचा पारदर्शकपणा जास्त बोलका. वयाबरोबर मुळाच्या टोकाकडून दंतिनातल्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थरातल्या, बारीक नलिका खनिजानं भरत जातात आणि तेवढ्या भागातून उजेड आरपार दिसतो. १९९२ च्या लामेंदँ पद्धतीत एकाच मुळाचा दात न कापता दिव्यासमोर धरून मोजतात. समजा मूळ १४ मिमी, हिरडी मागे सरकल्याची पिवळसर पट्टी २.८ मिमी, पारदर्शक भाग ५.६ मिमी. म्हणजे मुळाच्या २० आणि ४० टक्के. २० ला ०.१८ नं आणि ४० ला ०.४२ नं गुणायचं, त्या बेरजेत २५.५३ मिळवायचे: साधारण ४६ वर्षं.

इथंच सूत्राची मर्यादा दिसते. दोन्ही मापं शून्य आली तरी उत्तर पंचविशीच्या खाली जात नाही, त्यामुळे विशीतल्या माणसाला हे लावणं चूकच. शिवाय दात बराच काळ मातीत राहिला असेल तर मूळ धुरकट होतं आणि पारदर्शक भागाची कड सापडत नाही.

सगळ्यात नाजूक प्रश्न अठरा वर्षांचा, म्हणजे माणूस सज्ञान आहे की नाही याचा. तेव्हा घडत असलेला दात एकच उरतो, अक्कलदाढ, आणि तीच सगळ्यांत लहरी. कुणाच्या अक्कलदाढेच्या मुळांची टोकं अठराच्या आधीच बंद होतात, कुणाची विशीनंतरही उघडी असतात, तर कुणाला ती दाढ मुळात नसतेच. त्यामुळे अहवालात ‘अठरा पूर्ण’ असं न लिहिता वयाची कक्षा आणि अठरा पूर्ण असण्याची शक्यता, दोन्ही लिहावीत, असं माझं ठाम मत आहे.